अचियाने पाठ केलेला विलाप

असूबिरी गावात कोणी मेले की पहिला निरोप कुळाच्या वडीलधाऱ्याकडे जायचा आणि दुसरा बिरागोकडे. निदान बिरागो तसे सांगत असे, आणि तिला खोटे पाडायची छाती कोणाची नव्हती. एक दिवस आपणही मरणार आणि आपल्या उशाशी उभी राहून हीच बाई आपल्या आईचे, आजीचे, पणजीचे नाव घेणार, हे प्रत्येकाला पक्के माहीत होते. अशा बाईशी वाकड्यात कोण शिरेल?

आमच्याकडे मेलेल्याला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. कोणाची लेक, कोणाची नात, तिची माणसे कोणत्या नदीकाठून आली, कोणत्या पूर्वजाच्या दारातून पाहुणा कधी उपाशी परतला नाही, हे सगळे हेल काढून सांगावे लागते. मग ते माणूस एकटे जात नाही, आपल्या गोतावळ्यात जाते. ज्याच्यासाठी असा विलाप झाला नाही तो पलीकडे परक्यासारखा उभा राहतो, असे बायका मानतात. पुरुष काय मानतात ते माहीत नाही. ते ताडी पीत बाहेर बसलेले असतात.

बिरागो हे सगळे आजीजवळ शिकली. आजी टेनेवा पामची फळे कुटता कुटता एकेक नाव सांगायची आणि नात अडखळली की दंडाला चिमटा काढायची. त्या चिमट्यांनी काम चोख केले होते. पितळी पलंगावर कोणाचेही प्रेत असो, लाल-काळे वस्त्र गुंडाळून, दोन्ही हात डोक्यावर घेऊन बिरागो पुढे आली की गर्दी आपोआप बाजूला व्हायची. आवाज खणखणीत. एक नाव इकडचे तिकडे नाही, एक नदी चुकायची नाही. मंडळी माना डोलवायची. एक म्हातारा तर म्हणायचा, "असं कोणी म्हणणार असेल तर मरायला माझी काही हरकत नाही." तो पुढे बरीच वर्षे जगला, ही गोष्ट वेगळी.

एवढे असून बिरागोला सुख नव्हते, कारण त्याच गावात अचिया राहत होती.

अचिया बाजारात केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकायची. तिची आई फ्रेमा तिला पाठीला बांधून लांबच्या मुलखातून कोकोच्या मळ्यात कामाला आली आणि इथेच राहिली. त्यामुळे अचियाच्या कुळाची माणसे असूबिरीत एका अंगणात मावतील एवढीच. आवाज घोगरा, कायम सर्दी झाल्यासारखा. विसरभोळी इतकी की कधी पैसे घेऊन केंके द्यायला विसरायची आणि कधी केंके देऊन पैसे घ्यायला. अशा बाईने विलापाच्या वाटेला जाऊच नये. पण ती जायची, आणि बिरागोच्या पोटात दुखायचे ते इथेच.

ताडी काढणारा म्हातारा अंपोन्सा गेला तेव्हाची गोष्ट. बिरागोने त्याची आजी, पणजी, त्यांची नदी, त्यांचा डोंगर, सगळे न चुकता म्हटले. लोकांनी "वा, वा" केले. मग अचिया पुढे आली. "अंपोन्सा, अफ्राचा लेक, अंपोन्सा, कोणाचा नातू..." आणि अडली. डोक्यावर हात तसेच. बिरागोला मनातून गुदगुल्या झाल्या. तेवढ्यात अचिया प्रेताकडे वाकून म्हणाली, "बघ, विसरले. काल असतास तर तुलाच विचारलं असतं रे."

झाले. सगळ्या अंगणाला रडू फुटले. ज्या सुनेने म्हाताऱ्याला वर्षभर धड जेवायला वाढले नव्हते तीसुद्धा जमिनीवर लोळून रडली.

घरी येऊन बिरागोने कुटलेल्या कंदाच्या फुफूचे ताट नवऱ्यापुढे आदळले. "नावं आठवत नाहीत, आणि बया रडवून जाते! मी घसा फोडून पणजीपर्यंत जाते, तर हे नुसते माना डोलवतात. मी काय नाटक करते तिथं?"

नवरा ओपोकू शांत माणूस. त्याने सूपात बोटे बुडवली आणि म्हणाला, "मग तूही विसरून बघ की एकदा."

त्याने चेष्टा केली होती. बिरागोने मनावर घेतले. पुढच्याच मयताला ती ऐन रंगात येऊन मुद्दाम थांबली, आवाज कापरा केला, प्रेताकडे पाहिले. आता रडतील, आता रडतील. तर पहिल्या रांगेतली एक म्हातारी मोठ्याने ओरडली, "सेकिवा गं, सेकिवा! त्याच्या आजीचं नाव सेकिवा! वय झालं वाटतं तुझं, बिरागो." आणि लोक हसले. मयतात हसले! विधवेनेसुद्धा वस्त्राने तोंड झाकले, आणि ते रडण्यासाठी नव्हते. याचाही दोष बिरागोने अचियालाच दिला.

त्या दिवसापासून तिने अचियाला पाण्यात पाहायला घेतले ते कायमचे. अचिया पुढे येताना दिसली की हिला तहान लागायची. नाहीतर वस्त्राची गाठ सुटायची, नाहीतर चुलीवरच्या सूपाची काळजी वाटायची. अचियाची आई फ्रेमा मेली तेव्हा अचियाने म्हणे असा विलाप केला की शेजारच्या गावाहून आलेले लोकही आपापले मेलेले आठवून रडले. बिरागोने त्यातला एक शब्द ऐकला नाही. ती घरामागे स्वयंपाकिणींच्या डोक्यावर उभी राहून मीठ बरोबर आहे की नाही ते पाहत होती.

आणि हेही थोडे होते म्हणून की काय, अचियाला तिन्ही मुलीच झाल्या. बिरागोला दोन मुलगे. मुलगे चांगले होते, एक ताकोराडीला बंदरात कामाला, दुसरा शिक्षक. पण आमच्याकडे कुळ आईकडून चालते, आणि आईसाठी विलाप करते ती लेक. मुलग्यांच्या मुली? त्या त्यांच्या आयांच्या कुळातल्या. त्यांना आपल्या आईकडच्या नद्या शिकायच्या, बिरागोच्या कशाला? एकुलती बहीण लहानपणीच तापाने गेलेली. म्हणजे आईची, सार्पोमाची, वेल बिरागोपाशी येऊन संपत होती. साऱ्या गावाला पोहोचवून देणाऱ्या बाईला पोहोचवायला कोणी नव्हते. अचियाच्या मुली डोक्यावर टोपल्या घेऊन हसत खिदळत दारावरून गेल्या की बिरागोला ते शब्दशः टोचायचे. तीन! एक तरी मला नको होती का द्यायला? देवाला ती असे तोंडावर विचारायची.

नवरा ओपोकू वारल्यावर ती मळ्यात एकटीच जाऊ लागली. एकदा रानअळूची पाने तोडायला म्हणून ती ओढ्याच्या अंगाने अचियाच्या मळ्याजवळून चालली होती. कोकोच्या झाडांतून घोगरा आवाज येत होता. कोणी गेले की काय? आपल्याला निरोप कसा नाही आला? तिला आधी राग आला तो याचा. मग शब्द कानात शिरले.

"बिरागो, सार्पोमाची लेक, टेनेवाची नात,
साऱ्यांना वाट दाखवलीस, तुझ्या वाटेला कोण गं आलं..."

 बिरागोने आधी स्वतःच्या दंडाला चिमटा काढला. दुखले. म्हणजे आपण जिवंत आहोत. झाडाआडून पाहिले तर अचिया खुरप्याने गवत काढत होती आणि एकेक ओळ पुन्हा पुन्हा घोकत होती. अडायची, जीभ चावायची, पुन्हा मागून सुरू करायची. जिवंत माणसाचा विलाप! आमच्याकडे मयत नसताना कोणाचाही विलाप म्हणणे म्हणजे मरणाला घर दाखवणे. लहान मुलीने चुकून म्हटला तरी तिच्या तोंडावर फटका बसतो.

तिथल्या तिथे झिंज्या उपटायला हव्या होत्या. पण बिरागो हलली नाही. ती शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांना धार लागली. त्या घोगऱ्या आवाजात तिची आई होती, आजीचे चिमटे होते, तापाने गेलेली बहीण होती. स्वतःच्या मरणावर ती अशी रडली जशी ओपोकूसाठीही रडली नव्हती. डोळे पुसले आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे माझ्या मरणावरही हिचेच नाव होणार? माझ्यासाठी लोक रडतील, आणि घरी जाताना म्हणतील, काय गायली अचिया!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती राणीआईच्या अंगणात होती. बायकांची भांडणे, शिव्या, अपमान, हे सगळे गावाची राणीआई सोडवते. वयाने वाकलेली, पण कानाने तिखट. अचियाला बोलावणे गेले. अर्धे गाव न बोलावता आले.

"म्हटलंस?" राणीआईने विचारले.

"म्हटलं," अचिया म्हणाली.

"तिचं मरण चिंतलंस?"

"नाही हो, आई. मरण कशाला चिंतू? तिला मुलगी नाही. म्हटलं कोणीतरी तयारीत असावं. आता माझं डोकं हे असं. तिला एका रात्रीत सगळी नावं येतात, मला वर्षं लागतात. ती मेल्यावर घोकायला बसले तर तिला काय पलीकडे ताटकळत ठेवू?"

कोणीतरी हसले. बिरागो उसळली. "ऐकलंत? माझ्या मरणाची तालीम! माझी नावं कोणी दिली हिला?"

"तूच," अचिया म्हणाली. "तुझ्या आईच्या वेळी तूच म्हटलीस ना? मी पुढेच बसले होते. तुझा प्रत्येक विलाप मी पुढे बसूनच ऐकते."

यावर बिरागो जास्तच चिडली. राणीआई तिच्याकडे वळली. "दंड पडणार, तो रिवाजच आहे. मेंढा आणि दारूची बाटली. पण दुसरी गोष्ट तुझ्यावर सोडते. हिने तुझा विलाप पुन्हा कधीच म्हणू नये अशी शपथ घालायची, की मेंढ्यावर भागवायचं? नीट विचार करून बोल. कधीच म्हणजे तू गेल्यावरही नाही."

सगळे अंगण बिरागोकडे पाहत होते. तिथे मागे हटणे म्हणजे अचियाची गरज आहे असे कबूल करणे. बिरागोने मान ताठ केली. "दोन्ही," ती म्हणाली.

अचियाने शपथ घेतली. आवाज थोडा बसलेला होता, पण तो नेहमीच बसलेला असायचा. मेंढा कापला, वाटला, लोकांनी मिटक्या मारत खाल्ला. बिरागोला सर्वांत चांगला वाटा मिळाला. जिंकले, जिंकले असे मनात म्हणताना तिला लख्ख कळले होते: जगात एकाच माणसाला आपला विलाप येत होता, आणि त्याचे तोंड आपण चार लोकांत बंद करून आलो.

मग तिने वाट पाहिली. अचिया येईल, माफी मागेल, गयावया करेल, आणि मग आपण मोठ्या मनाने म्हणू, जा, सोडली शपथ. अचिया आली नाही. ती केंके विकत राहिली आणि रस्त्यात भेटली की "बरी आहेस ना, बिरागो?" विचारत राहिली. शपथ घेतली म्हणजे पाळायची, एवढेच त्या बाईला कळायचे. बिरागोला वाटायचे, हिला माझ्या विलापाची जराही हाव नाही? इतके वाईट होते का माझे आयुष्य? मत्सराला पोट नसते म्हणून बरे. नाहीतर तिने त्याला किती वर्षे जेवू घातले असते याचा हिशेब लागला नसता.

उत्तरेचे धुळीचे वारे सुटले त्या साली अचियाला खोकला लागला. तो उतरला नाही. मुली कुमासी शहरातून आल्या, दवाखाने झाले, आणि शेवटी तिला घरी आणले. गावात कुजबुज सुरू झाली. बिरागोने दोन दिवस स्वतःला बजावले की आपल्याला काय त्याचे. तिसऱ्या दिवशी कोंबडी कापून पातळ, तिखट सूप केले आणि भांडे घेऊन गेली.

अचिया चटईवर उशीला टेकून बसली होती. अर्धी झाली होती. "ठेव तिथं," ती म्हणाली. "विष नाही ना घातलंस?"

"घालणार होते. मीठ घालायचं विसरले, म्हटलं आता विष तरी कुठं घालत बसू."

"विसरलीस? तू?" अचियाचे डोळे मिचकले. "माझी संगत लागली तुला."

बिरागो स्टुलावर बसली. बोलायचे होते एक आणि बाहेर पडले दुसरेच. "तू माझ्या आजीचं गाव चुकवलंस."

"मी? कधी?"

"तेव्हा. मळ्यात. नदी खडकाखालून नाही जात. खडकाला वळसा घालून जाते."

अचिया हसायला लागली. हसता हसता खोकली, खोकता खोकता हसली. "आजीचं गाव तर अगदी शेवटी येतं गं! म्हणजे शेवटपर्यंत उभी होतीस? सगळं ऐकलंस?"

बिरागोने सूप ढवळले. ढवळण्यासारखे त्यात काही नव्हते.

"कसं होतं?"

"बरं होतं."

"बरं होतं म्हणे. बरं होतं त्याचा मेंढा घेतलास होय माझ्याकडून?"

"उद्याच जाते राणीआईकडे," बिरागो एका दमात म्हणाली. "शपथ सोडवून घेते. मग म्हण हवं तेवढं."

"आता कशाला?" अचियाने वस्त्र खांद्यावर ओढले. "मी तर आधी चालले. तुझं म्हणायला परत कुठून येऊ?"

"तेच ते! जन्मभर पुढं पुढं करायची सवय तुझी. मरायलासुद्धा माझ्या आधी!"

बिरागो हे रागानेच म्हणाली. तिला खरोखर राग आला होता. तिला विचारायचे होते, अचिया, तुझ्या आजीचे नाव काय? पणजीचे? तुमची नदी कोणती? पण आजारी माणसाला असे विचारणे म्हणजे तू वाचत नाहीस असे तोंडावर सांगणे. आणि दुसरे, जे तिने स्वतःशीही धड कबूल केले नाही: साऱ्या गावाची नावे पाठ असणाऱ्या बिरागोला अचियाची माहीत नाहीत, हे अचियाला कळले असते. ती भांडे उचलून घरी आली. पुन्हा जाईन तेव्हा बघू, असे तिने ठरवले. पुन्हा जायची वेळ अचियाने ठेवली नाही.

निरोप घेऊन थोरली मुलगी पोकुआ आली. रडून डोळे सुजलेले. "मावशी, आईचं तुम्हीच म्हणा."

"का? तिघी आहात ना तुम्ही?"

पोकुआने मान खाली घातली. "आम्हाला येत नाही. आई शिकवायला बघायची. आम्ही म्हणायचो, हे आता कोण म्हणतं? आम्ही चर्चच्या गायकवृंदात गातो, त्याला वेळ पुरत नाही."

"पणजीचं नाव तरी सांग. आईच्या आजीचं."

पोकुआ आठवत राहिली. तिला आठवण्यासारखे काही नव्हतेच. बिरागोला हसावे की कपाळ बडवावे कळेना. या तीन मुलींसाठी ती आयुष्यभर जळली होती, आणि एकीलाही आईची नदी ठाऊक नव्हती! अचियाच्या कुळाचा वडीलधारा अडुबोफो होता, त्याला विचारता आले असते. पण तो बाजारभर सांगत फिरला असता की बिरागोला नावे माहीत नाहीत. वेळेवर सुचेल काहीतरी, असे म्हणून तिने पोकुआला होकार दिला.

शनिवारी अंगणात मांडव पडले. मुलींनी कुमासीहून बँड आणला होता, माणसाएवढे उंच स्पीकर आणले होते. अचिया पितळी पलंगावर, केंतेचे रंगीबेरंगी हातमागाचे वस्त्र पांघरून, कधी नव्हती इतकी नीटनेटकी. बिरागो पुढे आली तसा बँड थांबला. तिने डोक्यावर हात घेतले.

"अचिया, फ्रेमाची लेक,
अचिया, फ्रेमाची लेक, नात कोणाची..."

पुढे काहीच नव्हते. तिने पुन्हा सुरू केले, पुन्हा तिथेच अडली. कोणी ओरडून नाव सांगेल म्हणून ती थांबली. कोणी सांगितले नाही; अडुबोफोही तिची फजिती बघत बसला. ही लोकांना रडवण्याची युक्ती नव्हती, आणि गावाला तेही कळले.  मग जो आवाज बाहेर आला तो तिचा नव्हता, फाटका होता.

"अचिया, तुझी आजी मला ठाऊक नाही.
तू गात होतीस तेव्हा मी चुलीपाशी जाऊन उभी राहिले.
माझी माणसं तू गवत काढता काढता पाठ केलीस,
तुझं एक नाव मी घरात घेतलं नाही.
आता तुला कोणाच्या दारात सोडू?
जा, माझ्या आईच्या दारात जा.
सार्पोमाला सांग, मी तुझीच लेक, बिरागोच्या पाठची.
ती विचारेल, उशीर का केलास, तर माझं नाव सांग.
नदी खडकाला वळसा घालते तिथं आपलं घर आहे,
तिथं माझ्यासाठीही जागा धरून ठेव."

अडुबोफो खुर्चीवरून ताडकन उठला. "ए बाई! आमचं माणूस तुमच्या कुळात घालतेस की काय? कोणाला विचारलंस?" त्याचे बरोबर होते, आईकडचे कुळ असे कोणी वाटत सुटत नाही. पण शेजारच्या म्हातारीने त्याचे वस्त्र धरून त्याला खाली खेचले. "बस मेल्या खाली. रडू दे तिला." आणि मग ती स्वतःच रडायला लागली. पोकुआ पलंगाच्या पायाशी कोसळली. बँडवाला कर्णा मांडीवर ठेवून डोळे पुसत होता, आणि त्याने तर अचियाला कधी पाहिलेसुद्धा नव्हते. कोण रडतेय आणि कोण नाही हे बिरागोने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले नाही.

दफन झाल्यावर ती घरी निघाली. मागून बाजारातल्या बायका येत होत्या, नाक ओढत, हळू आवाजात बोलत.

"काय गायली आज बिरागो!"

"हो ना. अगदी अचियासारखी."

बिरागो थांबली. मेली, पुरली, तरी हिचेच नाव! ती गर्रकन वळली.

"अचियासारखी? तुम्ही काय ऐकलंय अचियाचं? तिनं माझ्यासाठी म्हटलेलं ऐकलंय का कोणी? मी ऐकलंय. जिवंत असताना, माझ्या ह्या कानांनी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी मेल्यावर कोणी म्हणो न म्हणो, माझं मी ऐकून घेतलंय. तुमच्यापैकी कोणाच्या नशिबात आहे हे? तुला आहे? तुला?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांच्या तोंडावर जे आले ते बिरागोने लगेच ओळखले. जन्मभर ते तिच्याच तोंडावर होते.

त्यांतली एक, केंके विकायला अचियाच्या शेजारी बसायची ती, पुढे आली. "खरंच ऐकलंस?" तिने विचारले. "कसं होतं गं?"

बरं होतं, असे म्हणायला बिरागोने तोंड उघडले. म्हणवले नाही.

"माझ्याहून चांगलं," ती म्हणाली, आणि तिथेच रस्त्यात बसून, आपला आवाज कसा लागतोय याची पर्वा न करता, रडली.